कपाटाचं दार लागत नाही? लाकूड फुगलंय की कपाट गुण्यात नाही, हे टेप लावून पाच मिनिटांत कळतं

जुलै महिना. पौडच्या पुढे ताम्हिणीकडे पाऊस असा लागलाय की समोरचा डोंगर दिसत नाही. आणि घरात, दोन महिन्यांपूर्वी बनवलेल्या कपाटाचं दार लागत नाही. डावा पल्ला दोन सूत खाली, उजवा दोन सूत वर. मधोमध कुलूप लावायला जावं तर पट्टी खाचेत बसत नाही. मिस्त्रीला फोन केला की उत्तर ठरलेलं असतं. "साहेब, पावसाळा आहे, लाकूड फुगलंय. दिवाळीनंतर बघा, आपोआप बसेल."

दिवाळी येते, पाऊस जातो, दार काही बसत नाही. मग वाद सुरू होतो. मालक म्हणतो काम चुकीचं झालंय, उरलेले पैसे देणार नाही. मिस्त्री म्हणतो काम बरोबर आहे, तुमची फरशी वाकडी आहे. दोघांचंही थोडं थोडं बरोबर असू शकतं, पण दोघांपैकी कुणीच टेप काढून मोजत नाही. खरं तर या भांडणाचा निकाल पाच मिनिटांत लागतो, आणि त्याला लागणारं गणित शाळेतच शिकवून झालेलं असतं.

मुळशी तालुक्यात हा विषय जास्त येतो, त्याला दोन कारणं. एक म्हणजे पाऊस. २५ जुलै २०२४ च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. पुणे शहरात अख्ख्या वर्षात साडेसातशेच्या आसपास पडतो, यावरून अंदाज घ्या. दुसरं कारण म्हणजे भूगाव, पिरंगुटपासून धरणाच्या काठापर्यंत उभे राहिलेले बंगले आणि फार्महाऊस. यातली बरीच घरं पावसाळ्यात आठवडे-आठवडे बंद असतात. ओल आत कोंडते, आणि मालक शनिवारी येऊन दार उघडतो तेव्हा ते अडतं. त्यामुळे "लाकूड फुगलंय" हे उत्तर इथे सहज खपतं. कधी कधी ते खरंही असतं.

आधी फट बघा

लाकूड फुगणं आणि कपाट तिरकं असणं, या दोन आजारांची लक्षणं वेगळी आहेत. ती बघायला टेपसुद्धा लागत नाही.

लाकूड पाणी शोषतं तेव्हा ते रेषांना आडवं फुगतं. रेषांच्या दिशेने, म्हणजे फळीच्या लांबीत, जवळपास फुगतच नाही. सागाचं उदाहरण घेऊ. ओलं सागवान पूर्ण कोरडं होईपर्यंत कापाच्या दिशेनुसार रुंदीत साधारण अडीच ते ५.८ टक्के आकसतं. लांबीत हाच आकडा ०.१ ते ०.२ टक्क्यांच्या घरात राहतो. दाराच्या दोन उभ्या पट्ट्या प्रत्येकी चार इंचाच्या धरल्या, म्हणजे मिळून २०० मिलिमीटर, आणि मे ते ऑगस्टमध्ये लाकडातला ओलावा ८ टक्क्यांनी वाढला असं धरलं, तर दार जास्तीत जास्त तीन मिलिमीटरने रुंद होतं. दोन फूट रुंदीची सलग फळी असेल तर नऊ मिलिमीटरपर्यंत. म्हणूनच जुने सुतार दारातली मधली फळी खाचेत मोकळी ठेवायचे, चिकटवायचे नाहीत. तिला हालायला जागा हवी.

आता गंमत बघा. दार फक्त रुंद झालं. त्याचे कोपरे काटकोनातच राहिले. म्हणजे फुगलेलं दार वरपासून खालपर्यंत सारखं घासणार. फट बारीक होईल किंवा नाहीशी होईल, पण ती तिरकी होणार नाही.

फट तिरकी असेल, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला बंद, तर मामला वेगळा आहे. दोन पल्ल्यांच्या कपाटात आणखी एक खूण दिसते. बॉक्स एका बाजूला कलला की दोन्ही पल्ले आपापल्या बाजूच्या फळीला धरून कलतात. एकाची मधली कड खाली येते, दुसऱ्याची वर जाते, आणि मधोमध पायरी पडते. दोन पल्ल्यांमधली उभी फट मात्र सरळच राहते. चार फूट रुंद आणि सात फूट उंच कपाट माथ्यावर फक्त पाच मिलिमीटर कललं, तर मध्ये सुमारे तीन मिलिमीटरची पायरी दिसते. डोळ्याला ती लगेच खटकते. वरच्या उदाहरणातलं कपाट याच आजाराचं आहे. दिवाळीचा आणि त्याचा काही संबंध नाही.

याउलट मधली उभी फट इंग्रजी व्ही अक्षरासारखी दिसत असेल तर आधी बिजागऱ्यांकडे बघा. बहुतेक वेळा एक पल्ला लोंबलेला असतो.

आणि एक. हल्लीची बहुतेक कपाटं प्लायवूडची असतात. प्लायमध्ये एका थराच्या रेषा उभ्या तर पुढच्याच्या आडव्या असतात, त्यामुळे थर एकमेकांना फुगू देत नाहीत. प्लायचं कपाट पावसात लांबी-रुंदीत नावापुरतंच बदलतं. तेव्हा प्लायच्या कपाटाबद्दल कुणी "लाकूड फुगलंय" म्हणालं तर टेप काढायला हरकत नाही.

गुण्यात असणं म्हणजे काय?

सुतार आणि गवंडी दोघांच्याही हातात असणारं, इंग्रजी एल अक्षरासारखं काटकोनी हत्यार म्हणजे गुण्या. त्यावरूनच बोलीत आलं, "काम गुण्यात आहे" किंवा "गुण्याला लागत नाही." चौकट, खण, टेबल, ड्रॉवर, काहीही असो, चारही कोपरे ९० अंशांत असतील तरच पल्ले गुण्यागोविंदाने नांदतात.

पण गुण्याची एक मर्यादा आहे, आणि नवशिके इथेच फसतात. गुण्याचं पातं साधारण सहा इंचाचं असतं. कपाट सात फुटांचं. पात्याच्या १०० मिलिमीटर लांबीत अर्धा मिलिमीटर फरक असेल तर तो डोळ्याला दिसत नाही. तोच कोन पुढे दोन मीटरपर्यंत नेला की फरक दहा मिलिमीटरचा होतो. म्हणजे कोपऱ्यात गुण्या चपखल बसला म्हणून कपाट गुण्यात आहे असं नाही. गुण्या पट्टी कापताना, खूण मारताना, सांधा तपासताना वापरायचा. पूर्ण जुळलेल्या चौकटीसाठी दुसरी पद्धत लागते.

त्याआधी गुण्या स्वतः बरोबर आहे का? हे हत्यार पडतं, आपटतं, पावसात गंजतं. तपासणी सोपी आहे. प्लायच्या सरळ कडेला गुण्याचा जाड भाग टेकवायचा आणि पात्याच्या कडेने पेन्सिलची रेघ मारायची. मग गुण्या उलटा करायचा, म्हणजे जाड भाग त्याच कडेला पण उलट दिशेला, आणि त्याच बिंदूपासून दुसरी रेघ मारायची. दोन्ही रेघा एकावर एक आल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर खोटा, आणि चूक फाकलेल्या अंतराच्या निम्मी. रेघांची टोकं एक मिलिमीटरने फाकली असतील तर गुण्या अर्ध्या मिलिमीटरने चुकलेला आहे. नवा गुण्या घेताना दुकानातच हे करून बघता येतं. दुकानदार कपाळावर आठ्या घालेल, तेवढं चालायचंच.

कर्ण मोजा, पण नीट

मोठ्या चौकटीची खरी परीक्षा म्हणजे कर्ण. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्यापर्यंत एक माप, वरच्या उजव्यापासून खालच्या डाव्यापर्यंत दुसरं. आयताचे कर्ण सारखे असतात हे शाळेतलं वाक्य. साईटवर त्याला "डायगोनल बघ" म्हणतात.

यात एक अट आहे आणि ती बऱ्याचदा विसरली जाते. कर्ण सारखे असले की चौकट आयत असते, हे फक्त समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील तेव्हाच खरं. खालची फळी १२०० मिलिमीटर आणि वरची ११९४ अशी कापली गेली, आणि ती दोन्ही बाजूंनी सारखी आत बसली, तर कर्ण अगदी तंतोतंत जुळतात आणि कपाट तरीही वर निमुळतं असतं. म्हणून आधी चारही बाजू मोजायच्या, मग कर्ण.

हा घोटाळा टाळायचा उपाय कापतानाच करायचा असतो. जोडीच्या फळ्या जोडीनेच कापायच्या. डावी-उजवी एकत्र धरून किंवा करवतीच्या टेबलाला अडणी लावून, म्हणजे दुसरी फळी मोजायची वेळच येत नाही. जुळणीत दिसणाऱ्या निम्म्याहून जास्त चुका खरं तर कापणीत झालेल्या असतात.

टेपने कर्ण मोजतानाही एक बारीक गोष्ट. टेपच्या टोकाची पत्र्याची कडी थोडी हलते. आतलं आणि बाहेरचं दोन्ही माप बरोबर यावं म्हणून ती मुद्दाम हलती ठेवलेली असते. पण कपाटाच्या कोपऱ्यावर ती तिरकी बसते आणि मापात एखाद-दुसऱ्या मिलिमीटरची गडबड होते. म्हणून टेपवरचा १०० मिलिमीटरचा आकडा कोपऱ्यावर धरायचा आणि तिथून पुढे वाचायचं. दोन्ही कर्णांना तीच चूक लागू होते, फरक बरोबर कळतो. त्याहून खात्रीची पद्धत म्हणजे टोकदार केलेल्या दोन बारीक पट्ट्या. त्या एकमेकींवर सरकवून पहिल्या कर्णात बसवायच्या, घट्ट धरून आरपार रेघ मारायची आणि तशाच दुसऱ्या कर्णात लावून बघायच्या. आकडा वाचायचाच नाही, मग चुकणार काय?

आता सर्वात महत्त्वाचा मुद्दा. कर्णातला फरक किती असला तर चालतो? "एक सूत इकडे-तिकडे चालतं" हे वाक्य सगळीकडे ऐकू येतं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३.२ मिलिमीटर. पण एक सूत सगळीकडे सारखं नसतं.

चार बाय सात फुटांच्या कपाटात कर्णातला फरक आणि माथ्यावरचा कल जवळपास सारखे असतात. कर्ण एक सूत वेगळे, तर कपाट माथ्यावर एक सूत कललेलं. दोन बाय सात फुटांचं अरुंद कपाट घ्या. तिथे कर्णात एक सूत फरक दिसला तर माथ्यावरचा कल जवळपास दोन सूत असतो. कारण अरुंद आणि उंच चौकटीत कर्ण जवळजवळ उभाच असतो. चौकट बाजूला ढकलली तरी त्याची लांबी फारशी बदलत नाही. म्हणजे जिथे कपाट कलायची शक्यता जास्त, तिथेच कर्ण कमी बोलतो. हिशोब हवा असेल तर असा: कर्णातला फरक गुणिले कर्णाची लांबी, भागिले रुंदीची दुप्पट. उत्तर म्हणजे माथ्यावरचा कल.

त्यामुळे रुंद कपाटाला एक सूत माफ करता येईल. अरुंद टॉल युनिटला अर्ध्या सुताच्या वर जाऊ देऊ नये, आणि ड्रॉवरच्या बॉक्सला एक मिलिमीटरच्या वर अजिबात नाही. ड्रॉवर चॅनेलवर धावतो, तिथे थोडा कलही हाताला लगेच जाणवतो.

तीन, चार, पाच

चौकट अजून पूर्ण झालीच नसेल, नुसता एल आकाराचा कोपरा असेल, तर कर्ण मोजायला दुसरी बाजू नसते. तिथे गवंड्याची युक्ती चालते. मुळशीत कुठेही नव्या घराचं लाईनआऊट चालू असताना थांबून बघा. एका दोरीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण करतात. दोन खुणांमधलं अंतर पाच फूट आलं की कोपरा काटकोनात. मोठ्या प्लॉटवर हेच सहा-आठ-दहा करतात, कारण माप जितकं मोठं तितकी चूक लहान.

दहावीच्या भूमितीत याला पायथागोरसचा सिद्धांत म्हणतात. आपल्याकडे हीच गोष्ट बौधायन शुल्बसूत्रात आहे. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञवेदी आखायला दोरीने काटकोन काढायचे, त्यासाठीचे ते नियम. पौडच्या साईटवरचा गवंडी आणि वेदी आखणारा माणूस, दोघांच्या हातात एकच अवजार.

सुताराला हे टेबलाच्या पायाशी, भिंतीतल्या कोपऱ्याच्या कपाटाशी आणि जिन्याच्या कठड्याशी उपयोगी पडतं. ३०० आणि ४०० मिलिमीटरवर खुणा करायच्या, समोरचं माप ५०० यायला हवं. ५०३ आलं तर कोपरा उघडलेला, ४९७ आलं तर मिटलेला.

फेविकॉल वाळायच्या आत

आता सुधारणा. सगळा खेळ वेळेचा आहे. फेविकॉल लावल्यावर सांधा हलवायला हातात काही मिनिटंच असतात. पूर्ण पकड यायला २४ तास धरतात. त्यामुळे शहाणा सुतार आधी कोरडी जुळणी करतो. गोंद न लावता सगळं जोडायचं, शिकंजे लावायचे, कर्ण मोजायचे, काय अडतंय ते शोधायचं आणि परत सोडवायचं. घाईच्या कामात ही पायरी सगळ्यात आधी गळते, कारण मालकाला वाटतं मिस्त्री टाइमपास करतोय.

गोंद लावून जुळवल्यावर कर्ण वेगळे आले तर नियम एकच: लांब कर्ण दाबायचा. समजा एक कर्ण २४२४ आणि दुसरा २४१८ आहे. लांब कर्णाच्या दोन कोपऱ्यांवर शिकंजा तिरका लावायचा, कोपऱ्यांना लाकडाचे तुकडे द्यायचे आणि हळूहळू आवळायचं. लांब जितका कमी होतो तितकाच आखूड वाढतो, म्हणून निशाणा मधला, २४२१. तिथे आल्यावर आणखी किंचित पुढे न्यायचं, कारण शिकंजा सैल केला की लाकूड थोडं मागे येतं. सैल करून परत मोजायचं.

तेवढा लांब शिकंजा सगळ्यांकडे नसतो. मग दोरी. लांब कर्णाच्या कोपऱ्यांभोवती दोरीचा दुहेरी वेढा घ्यायचा, मध्ये दांडका घालायचा आणि पीळ द्यायचा. गाडीवरचा कडबा आवळतात तसंच. दांडका चौकटीला अडकवून ठेवला की पीळ सुटत नाही.

जास्त आवळणं हा उलटा धोका. दोन बाजूंच्या फळ्या आत-बाहेर वाकतात, कर्ण सारखे येतात आणि कपाट पोट सुटल्यासारखं दिसतं. म्हणून आवळल्यावर प्रत्येक बाजूला सरळ पट्टी लावून बघायची.

माप जुळलं की चौकटीवर तिरकी पट्टी ठोकून टाकायची, आणि गोंद वाळेपर्यंत काढायची नाही. का? कारण चार बाजूंचा आकार स्वतःहून टिकत नाही. चारही फळ्यांची लांबी तीच ठेवून तो पत्त्याच्या घरासारखा कलता येतो. त्रिकोणाचं तसं नाही. तीन बाजू ठरल्या की आकार ठरला, कोपरे हलूच शकत नाहीत. तिरकी पट्टी चौकोनाचे दोन त्रिकोण करते. पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेला विज्ञान आश्रम आहे. तिथलं 'पाबळ डोम' हे घुमटाकार घर याच तत्त्वावर उभं राहतं: त्रिकोणांचा सांगाडा, वर फेरोसिमेंटचा थर.

कपाटात तिरकी पट्टी कायमची ठेवता येत नाही. ते काम मागची प्लाय करते. आणि इथेच सर्वात स्वस्तातली सुधारणा लपलेली आहे. मागची प्लाय नीट काटकोनात कापलेली असेल (तिचेही कर्ण मोजा), तर बॉक्स पालथा घालून तिची एक लांब कड बाजूच्या फळीशी जुळवून चुका मारायच्या. मग बॉक्स हाताने ढकलत प्लायची वरची कड वरच्या फळीशी आणायची आणि तिथे चुका मारायच्या. प्लाय स्वतःच बॉक्सला गुण्यात ओढते. मराठीत लहान खिळ्याला चूक म्हणतात हा योगायोग भारी आहे, इथे चुका मारूनच चूक सुधारते.

पैसे वाचवायला मागची प्लाय लावायचीच नाही, भिंत आहेच की, असं काही जण करतात. मुळशीच्या पावसात ओल्या भिंतीला लागून असलेलं बिनपाठीचं कपाट कलतंही आणि आतल्या कपड्यांना बुरशीही धरते.

कर्ण जुळले, तरी डुगडुगतंय

कधी कधी कर्ण तंतोतंत असतात, बाजू सारख्या असतात, तरी दार एका कोपऱ्यात पुढे आलेलं दिसतं. हा पीळ. चौकट सपाट नाही, पापडासारखी एक कोपरा उचललेली आहे. कर्ण मोजून पीळ सापडत नाही.

तो शोधायला दोन दोरे पुरतात. चारही कोपऱ्यांवरून तिरके दोन दोरे ताणून बांधायचे. मध्ये ते एकमेकांना नुसते टेकले पाहिजेत. अंतर राहिलं किंवा एकाने दुसऱ्याला दाबलं तर पीळ आहे. खात्रीसाठी वरचा दोरा खाली घेऊन परत बघायचं. जमिनीवर ठेवून तपासायचं असेल तर जमीन आधी सपाट हवी. जुन्या घरातल्या शहाबादी फरशीवर ही परीक्षा घेऊ नये, नापास कोण झालं हेच कळत नाही.

पीळ बहुतेक वेळा ओल्या किंवा वाकड्या लाकडातून येतो, किंवा वाळत असताना चौकट भिंतीला तिरकी टेकवून ठेवल्यामुळे. वाळवताना चौकट सपाट ठेवायची, इतकं साधं.

वाळून गेलंय, आता?

बहुतेक वाचकांचा प्रश्न हाच असणार, कारण कपाट घरात येऊन वर्ष झालंय.

पहिला संशयित फरशी. कपाट कारखान्यात गुण्यात असतं आणि घरी येऊन तिरकं होतं, कारण एका कोपऱ्याखालची फरशी खाली आहे. त्यामुळे मिस्त्रीचं "फरशी वाकडी" हे म्हणणं उडवून लावू नका. लेव्हल ट्यूब किंवा स्पिरिट लेव्हल तळाला लावून बघा. समोरचा एक कोपरा खाली असेल तर त्याखाली बारीक पाचर सारत जा आणि पल्ल्यांकडे बघत राहा. मधली पायरी डोळ्यांदेखत मिटते. वॉशिंग मशिनचे पाय फिरवतात तसंच हे. पाचर लाकडाची नको, ओलीत दबते. प्लास्टिकची किंवा सनमायकाचे तुकडे एकावर एक.

त्याने भागलं नाही तर बिजागऱ्या. मॉड्युलर कपाटाच्या बिजागरीला स्क्रू असतात. एक पल्ला डावी-उजवीकडे नेतो, दुसरा आत-बाहेर, आणि बैठकीचे स्क्रू सैल करून वर-खाली. दोन मिलिमीटरपर्यंतची पायरी इथेच संपते. हे मात्र रोग न काढता ताप उतरवणं आहे. बॉक्स तिरकाच राहतो, आतले ड्रॉवर अडतच राहतात.

पुढची पायरी मागची प्लाय. ती नुसती चुका मारून बसवली असेल तर काढायची, बॉक्स लांब कर्णावर दाबून सरळ करायचा आणि प्लाय परत लावायची, या वेळी गोंद आणि स्क्रूने. स्क्रूवर जोडलेला बॉक्स असेल तर सांध्यांचे स्क्रू अर्धा फेरा सैल करून हेच करता येतं. सांधे आणि पाठ दोन्ही गोंदाने बसवलेलं असेल तर बॉक्स आता हलणार नाही. मग पल्लेच कापून तिरक्या बॉक्सला जुळवायचे आणि कडेला पट्टी मारून झाकायचं. त्याला इलाज म्हणण्यापेक्षा तडजोड म्हणा.

म्हणूनच पैशाचा शेवटचा हप्ता देण्याआधी, आणि सनमायका चढण्याआधी, बॉक्स उभा असताना मालक आणि मिस्त्री दोघांनी मिळून कर्ण मोजावेत. आकडे फळीच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवले की सहा महिन्यांनी कुणाचं खरं यावर वाद होत नाही. मिस्त्रीच्याही ते फायद्याचं आहे. बॉक्स देताना गुण्यात होता हे लिहिलेलं असेल तर फरशीचं पाप त्याच्या माथी बसत नाही.

आणि खरंच लाकूड फुगलेलं असेल तर? सलग लाकडाचं दार, सारखी फट, वरपासून खालपर्यंत घासतंय. ऑगस्टमध्ये रंधा मारून मोकळं करायचा मोह आवरा. जेवढं तेव्हा काढाल तेवढी फट एप्रिलमध्ये जास्त दिसेल. घासतंय तिथे खडूने खूण करा, अगदीच अडत असेल तर केसभर काढा, बाकी पाऊस संपल्यावर बघा. मुख्य म्हणजे दाराची वरची आणि खालची कड तपासा. समोर पॉलिश झळकत असतं आणि या दोन कडा कोऱ्या असतात, कारण त्या कुणाला दिसत नाहीत. रेषांची उघडी तोंडं तिथेच असतात, आणि लाकूड सर्वात जास्त पाणी तिथूनच पितं. दार उन्हाळ्यात उतरवून या दोन कडांना पॉलिश किंवा रंगाचे दोन हात द्या.

फळ्यांचं जुनं दार किंवा शेताचं फाटक असेल तर त्याच्या मागची तिरकी पट्टी कुठल्या दिशेला आहे तेही बघून घ्या. लाकडी पट्टी खालच्या बिजागरीपासून निघून वर कडीच्या कोपऱ्याकडे जायला हवी, म्हणजे फाटकाचं वजन पट्टीवरून दाबलं जात बिजागरीकडे उतरतं. उलट लावली असेल तर तिच्यावर ताण येतो, खिळे सैल होतात आणि फाटक लोंबतं. लोखंडी तार किंवा सळई लावायची असेल तर दिशा बरोबर उलटी: वरच्या बिजागरीपासून खाली कडीच्या कोपऱ्याकडे, कारण तार ओढ सहन करते, दाब नाही.